वायूंचा मुक्काम किती दिवस?

जागतिक हवामान संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हरितगृह वायूंच्या वार्षिक पत्रकातील एक आकडा काळजी वाढवणारा आहे. २०२४ या एका वर्षात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत ३.५ भागांनी वाढले आणि सरासरी ४२३.९ भागांवर पोहोचले. या वायूची आधुनिक पद्धतीने मोजणी १९५७ मध्ये सुरू झाली. तेव्हापासूनची ही एका वर्षातील सर्वात मोठी वाढ आहे. १९६०च्या दशकात हे प्रमाण वर्षाला सरासरी ०.८ भागाने वाढत होते. २०११ ते २०२० या दशकात २.४ भागांनी वाढले. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड या दोन वायूंनीही २०२४ मध्ये उच्चांक गाठला.

अशा बातम्यांत हे सगळे वायू ‘हरितगृह वायू’ या एकाच नावाखाली येतात. ‘कार्बन उत्सर्जन’ हा शब्दही सर्रास सगळ्यांसाठी वापरला जातो. त्यामुळे एक महत्त्वाचा फरक झाकला जातो. हे वायू उष्णता किती अडवतात हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते हवेत किती काळ मुक्काम करतात हेही महत्त्वाचे आहे. कोणाचा मुक्काम काही दिवसांचा असतो, कोणाचा दशकभराचा, तर कोणाचा कित्येक शतकांचा. हवामानाच्या राजकारणातले बरेचसे वाद, त्यातली भारताची भूमिका आणि शेतकऱ्यापासून एसी वापरणाऱ्या कुटुंबापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जबाबदारी, हे सारे या मुक्कामाशी जोडलेले आहे.

अत्यल्प, पण निर्णायक

दर दहा लाखांत ४२४ भाग म्हणजे जेमतेम ०.०४ टक्का. एवढ्याशा वायूने पृथ्वी कशी तापेल, ही शंका स्वाभाविक आहे. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, जवळपास २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के आरगॉन असतो. म्हणजे ९९.९ टक्के हवा या तिघांचीच. पण तापलेली जमीन आणि समुद्र जी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात अवकाशाकडे परत पाठवतात, ती अडवण्याच्या कामी हे तिन्ही वायू जवळजवळ निरुपयोगी आहेत. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूत एकाच प्रकारचे दोन अणू असतात. आरगॉनचा तर अणूच सुटा असतो. त्यांच्या रचनेमुळे ही किरणे त्यांच्यातून आरपार जातात. याउलट कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांचे रेणू तीन किंवा अधिक अणूंचे असतात. त्यांची कंपने अवरक्त किरणे शोषून घेतात आणि ती उष्णता पुन्हा सर्व दिशांना, अर्थात जमिनीकडेही, फेकतात.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वाधिक तापल्याचे त्यांना दिसले. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये कोणता वायू किती उष्णता अडवतो हे उपकरणाने मोजले. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचे गणितही मांडले.

हे अत्यल्प वायू नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. ते अधिक १५ अंशांच्या घरात आहे, म्हणूनच समुद्र द्रवरूप आहेत आणि जीवसृष्टी आहे. म्हणजे हरितगृह वायू हे मुळात शत्रू नाहीत. औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० भागांच्या आसपास हजारो वर्षे स्थिरावलेले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जवळपास पावणेदोनशे वर्षांत दीडपट झाले, हा खरा प्रश्न आहे.

पाण्याची वाफ हा यांतला सर्वात मोठा उष्णतारोधक. मात्र तिचा मुक्काम आठवडा-दीड आठवड्याचाच असतो. नंतर ती पावसाच्या रूपाने खाली येते. हवेत किती वाफ मावणार हे तापमान ठरवते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ सामावून घेऊ शकते. त्यामुळे इतर वायूंनी आणलेली तापमानवाढ वाफ आणखी वाढवते, पण तिची सुरुवात ती करत नाही. अलीकडच्या वर्षांतील अतिमुसळधार सरींमागे असलेल्या कारणांपैकी हे एक आहे.

ऑक्सिजन संपणार नाही

वायूंच्या चर्चेत एक गैरसमज वारंवार डोके वर काढतो. झाडे तोडली की ऑक्सिजन कमी पडेल, अमुक झाड चोवीस तास ऑक्सिजन देते, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो. रात्री कोणतेही झाड त्या मार्गाने ऑक्सिजन सोडत नाही. शिवाय हवेतला २१ टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षांचा साठा आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन हवेत साचू लागला, त्यातून पुढे ओझोनचे कवच तयार झाले आणि अतिनील किरणांपासून संरक्षण मिळाल्याने जीवसृष्टीला जमिनीवर पसरता आले. कोळसा आणि तेल जाळल्यामुळे या साठ्यात घट होते आहे हे खरे. ती मोजलीही जाते. पण ती इतकी सूक्ष्म आहे की श्वास घेण्यावर तिचा परिणाम होणार नाही. जंगले वाचवायची ती कार्बन साठवण्यासाठी, पाण्यासाठी आणि जैवविविधतेसाठी.

कारण कार्बनच्या बाबतीत जंगले आणि समुद्र खरोखर मोठे ओझे उचलतात. माणूस दरवर्षी जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण निम्माच तिथे राहतो. उरलेला समुद्र, माती आणि वनस्पती शोषून घेतात. २०२४ मधील विक्रमी वाढीमागे इंधनाच्या ज्वलनाबरोबर वणव्यांतून निघालेला धूर आणि मंदावलेले हे शोषण, अशी कारणे संघटनेने दिली आहेत. एल निन्योच्या वर्षांत उष्ण कटिबंधातील जंगले कोरडी पडतात आणि कमी कार्बन घेतात, हे पूर्वीही दिसले आहे. तापमान वाढत गेले तर ही निम्मी सवलत पुढेही मिळत राहील का, ही शास्त्रज्ञांची मोठी चिंता आहे.

एका धुराड्यातले दोन वायू

मुक्कामातला फरक समजून घ्यायचा तर कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या धुराड्याकडे पाहावे. त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि सल्फर डायऑक्साइडही. सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात, दमा आणि हृदयविकार बळावतात. पण हेच कण सूर्यप्रकाश परतवत असल्यामुळे हवा काहीशी थंडही ठेवतात. त्यांचा मुक्काम फार तर काही दिवसांचा, एखाद्या आठवड्याचा. कार्बन डायऑक्साइडचा मात्र मोठा हिस्सा शतकभर, तर काही हिस्सा हजार वर्षांनंतरही हवेत असतो.

आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालानुसार २०१०-१९ या दशकापर्यंत कार्बन डायऑक्साइडने पृथ्वीचे तापमान सुमारे ०.८ अंशाने आणि मिथेनने सुमारे ०.५ अंशाने वाढवले, तर सल्फरच्या प्रदूषणाने सुमारे ०.५ अंशाची वाढ झाकून ठेवली. म्हणजे प्रदूषणाच्या पडद्याआड काही तापमानवाढ दडलेली आहे.

भारतात हा मुद्दा सध्या ऐरणीवर आहे. वीज केंद्रांनी धुरातील सल्फर काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, असा नियम २०१५ मध्ये झाला. त्याची मुदत वारंवार वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुसंख्य केंद्रांना या सक्तीतून वगळले. भारतीय कोळशात सल्फर कमी असतो आणि परिसरातील हवेत सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण मर्यादेत आहे, असे कारण त्यासाठी देण्यात आले. सल्फर कमी केला तर तापमान वाढेल, असाही युक्तिवाद या चर्चेत ऐकू येतो.

तो युक्तिवाद तपासायला हवा. थंडावा देणारा वायू आठवड्यात नाहीसा होतो आणि तापवणारा शतके राहतो. त्यामुळे प्रदूषणाचा पडदा टिकवायचा तर तो दर आठवड्याला नव्याने विणावा लागतो, आणि त्याखाली कार्बनचा साठा दरवर्षी वाढतच जातो. त्याची किंमत धुराड्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या फुप्फुसांना मोजावी लागते. शिवाय हवेत मोजलेला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत असला, तरी त्यापासून बनलेले कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि त्यांची नोंद सूक्ष्मकणांच्या खात्यात होते. हवा स्वच्छ करणे आणि कार्बन कमी करणे ही दोन्ही कामे सोबतच करावी लागतील. एकाला दुसऱ्याचे निमित्त करता येणार नाही.

मिथेन : लवकर जातो, म्हणून आशा

मिथेनचा मुक्काम सुमारे बारा वर्षांचा. सूर्यप्रकाश, ओझोन आणि पाण्याची वाफ यांपासून हवेत हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. ते मिथेनचे विघटन करतात. पण हवेत असेपर्यंत मिथेन जबर तापवतो. वजनास वजन धरले, तर पहिल्या वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट आणि शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ पट ठरतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत त्याचे प्रमाण आज अडीच पटींहून अधिक आहे. शहरांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या संगतीत त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. वर आकाशात जीवरक्षक असलेला ओझोन खाली मात्र श्वासनलिकेला सूज आणतो आणि पिकांचेही उत्पादन घटवतो.

ग्लासगो येथे २०२१ मध्ये अनेक देशांनी मिथेनचे उत्सर्जन २०३० पर्यंत २०२०च्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी करण्याची प्रतिज्ञा केली. आज दीडशेहून अधिक देश त्यात आहेत. भारत नाही. भारताच्या मिथेन उत्सर्जनात शेतीचा, म्हणजे मुख्यतः गुराढोरांचा आणि भातखाचरांचा, वाटा सुमारे तीन चतुर्थांश आहे. हे उत्सर्जन चैनीसाठी नव्हे तर पोटासाठी होते, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची जबाबदारी अल्पायुषी मिथेनवर ढकलली जात आहे, अशी सरकारची भूमिका आहे.

मुक्कामाच्या गणितात या भूमिकेला आधार आहे. गच्चीवरच्या टाकीला खाली तोटी असेल आणि वरून जितके पाणी पडते तितकेच खालून जात असेल, तर पातळी स्थिर राहते. मिथेनचे तसेच आहे. एखाद्या गावातील गुरांची संख्या दशकानुदशके तेवढीच राहिली, तर त्यांच्यापासूनचा हवेतला मिथेनही साधारण तेवढाच राहतो. तापमानात नवी भर जवळपास पडत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीची तोटी जवळजवळ बंद आहे. वीज केंद्र दरवर्षी तेवढाच कोळसा जाळत राहिले, तरी साठा आणि तापमान दरवर्षी वाढतच जाते. दोन्ही वायूंना एकाच ‘समतुल्य टना’त मोजले, की हा फरक दिसेनासा होतो.

मात्र याच गणिताची दुसरी बाजूही आहे. तोटी उघडी असल्यामुळे वरचे पाणी कमी केले की पातळी लगेच उतरते. आज मिथेन घटवला, तर त्याचा गुण पुढच्या दहा-वीस वर्षांत, म्हणजे आजच्या पिढीच्या हयातीत, दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत अशी त्वरित उतराई नाही. उष्णतेच्या लाटांचा फटका उघड्यावर राबणाऱ्या मजुरांना आणि शेतकऱ्यांनाच सर्वाधिक बसतो. त्यामुळे मिथेन कमी होण्याचा लाभही पहिल्यांदा त्यांनाच होईल.

आणि त्यासाठी शेतकऱ्यावर बोजा टाकावाच लागतो असे नाही. भातखाचरात सतत पाणी तुंबवून न ठेवता ते मधूनमधून आटू दिले, तर मातीतील मिथेन तयार करणाऱ्या जीवाणूंना आळा बसतो. या पद्धतीने मिथेन साधारण ३० ते ५० टक्के घटतो, पाणीही वाचते आणि काळजीपूर्वक केले तर उत्पादन टिकते. अडचण अशी की पाण्यावर शेतकऱ्याचे नियंत्रण असावे लागते. पावसाच्या भरवशावरील कोकणातल्या खाचरांत ते सोपे नाही. कालवा किंवा पंपाच्या सिंचनावरील भातात शक्य आहे. शेणाचा गोबर गॅस हा तर गावोगावी परिचित उपाय. तो मिथेन चुलीत जळून जातो आणि स्वयंपाकघरातला लाकडाचा धूर टळतो. ओल्या कचऱ्याचेही तसेच. कचराभूमीच्या ढिगाऱ्यात हवा न पोहोचल्याने ओला कचरा कुजून मिथेन तयार होतो आणि आगींना खतपाणी मिळते. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर शहराने दिवसेंदिवस सोसला आहे. ओला कचरा वेगळा करणे हा म्हणूनच केवळ स्वच्छतेचा नियम नाही, तो हवामानाचाही उपाय आहे.

‘गॅस भरला’ म्हणजे गळला

उन्हाळ्याच्या तोंडावर एसीत ‘गॅस भरून’ घेणे घरोघरी चालते. एसीतला हा वायू बंद नळ्यांत फिरत असतो. तो वापरला जात नाही. भरावा लागला याचा अर्थ आधीचा कुठून तरी हवेत गळला. यातले बरेच वायू कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते हजारो पट तापवणारे आहेत.

या आघाडीवर जगाकडे यशाचे उदाहरण आहे. ओझोनच्या थराला अंटार्क्टिकावर पडलेले छिद्र १९८५ मध्ये उघडकीस आले आणि दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, क्लोरोफ्लुरोकार्बन या वायूंवर निर्बंध आणणारा माँट्रियल करार झाला. तरीही अंटार्क्टिकावरील ओझोन १९८०च्या पातळीवर यायला सुमारे २०६६ उजाडेल, असा अंदाज आहे. कारण पुन्हा मुक्कामाचेच : यांतल्या काही वायूंचे आयुष्य पन्नास ते शंभर वर्षांचे आहे. वेळीच थांबूनही इतका काळ लागतो. उशीर केला असता तर काय झाले असते याची कल्पना त्यावरून यावी.

त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापवतात. २०१६च्या किगाली दुरुस्तीने त्यांच्यावरही टप्प्याटप्प्याने मर्यादा आणली. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली असून आपली कपात २०३२ मध्ये १० टक्क्यांनी सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. दरम्यान देशात एसींची संख्या झपाट्याने वाढते आहे. गळती न करता दुरुस्ती करणारा, जुना वायू हवेत न सोडता गोळा करणारा प्रशिक्षित मेकॅनिक हा या साखळीतला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात दुर्लक्षित दुवा आहे.

नायट्रस ऑक्साइडकडे तर त्याहून कमी लक्ष जाते. त्याचा मुक्काम शंभर वर्षांहून अधिक, तापवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आणि वर तो ओझोनचेही नुकसान करतो. शेतात टाकलेल्या युरियातील पिकाला न मिळालेल्या नत्राचा काही भाग जीवाणूंमार्फत या वायूत बदलतो. युरिया अनुदानामुळे अतिशय स्वस्त आणि इतर खते महाग, या तफावतीमुळे तो गरजेपेक्षा जास्त पडतो. इथे शेतकऱ्याचा खर्च, मातीचे आरोग्य आणि हवामान या तिघांचे हित एकच आहे.

वनस्पतींचे अन्न, माणसाचे कुपोषण

कार्बन डायऑक्साइड हे वनस्पतींचे अन्न आहे, मग तो वाढला तर बिघडले कुठे, असाही प्रश्न विचारला जातो. वाढत्या प्रमाणामुळे काही पिकांची वाढ जोमाने होते, हे खरे. पण दर दहा लाखांत ५५०च्या आसपास कार्बन डायऑक्साइड ठेवून उघड्या शेतांत केलेल्या प्रयोगांत गहू आणि भाताच्या दाण्यांतील जस्त, लोह आणि प्रथिने घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ज्वारी-मक्यासारख्या पिकांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने त्यांच्यावर हा परिणाम कमी आढळला. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदले गेले आहे. जिथे पोट मुख्यतः भात-पोळीवर भरते, तिथे दाण्यातले लोह थोडेसे घटणेही परवडणारे नाही. भाकरीकडे परत वळण्याला आरोग्याबरोबर हाही एक आधार आहे.

हिशेब वेगवेगळा हवा

हे सारे ठरवायचे तर मोजणी पक्की लागते. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेऊन हरितगृह वायू मोजते आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर समुद्रावरची स्वच्छ हवा येते, तेव्हा मिथेन उतरतो. वारे जमिनीवरून वाहू लागले की चढतो. अशी केंद्रे देशात फारच थोडी आहेत. उत्सर्जनाचे आकडे गुरांची संख्या, कोळशाचा खप अशा नोंदींवरून काढले जातात. ते हवेतल्या मोजमापाशी ताडून पाहण्यासाठी केंद्रांचे जाळे वाढवावे लागेल.

धोरणातही प्रत्येक वायूचे लक्ष्य स्वतंत्र असणे भारताच्या हिताचे आहे. सगळे एकाच आकड्यात मिसळले, की श्रीमंत देशांतील वीज केंद्रांचा शतकानुशतके राहणारा धूर आणि अल्पभूधारकाच्या दोन म्हशी एकाच तागडीत तोलल्या जातात. वेगळे मोजले, तर मिथेन घटवण्यासाठी भारत जे करेल त्याचे श्रेय स्वतंत्रपणे मागता येईल आणि इतरांना त्याच्या आडून कोळसा-तेल जाळत राहता येणार नाही. पण हाच नियम भारतातील कोळशालाही लागू होतो. मिथेनवरील उपाय तापमानवाढीचा वेग येत्या दोन दशकांत कमी करू शकतात. ती वाढ अखेर कुठे थांबणार, हे मात्र कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन शून्यावर कधी येते यावरच अवलंबून आहे. कारण आज धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या त्या वायूचा काही भाग पणतवंडांच्या पणतवंडांच्या काळातही हवेतच असेल.